संस्थेचं पर्पज शोधून देणारी सर्व्हिस: नक्की काय करतात आणि कोणी घ्यावी

रिव्ह्यू लांब झालाय, पण मुद्दाम सविस्तर लिहितेय. ही सर्व्हिस, म्हणजे आपली संस्था नक्की कशासाठी आहे (तिचं पर्पज) ते शोधायला मदत करणारी, घ्यायच्या आधी मी बरंच शोधलं होतं आणि सगळीकडे "अप्रतिम अनुभव, टीम भारावून गेली" याच्यापलीकडे काही मिळेना, त्यावरून माणसाने ठरवायचं काय? तर नक्की काय करून घेतात, पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे कमी पडतात ते सगळं सांगते. कंपनीचं नाव देत नाहीये कारण यात तक्रारीही आहेत, आणि तसंही या प्रकारची सर्व्हिस देणारे आता बरेच झालेत, त्यामुळे काय बघून निवडायचं हेच जास्त उपयोगाचं.

आमचं काम म्हणजे हॉस्पिटलमधल्या मशिन्सचं मेंटेनन्स आणि रिपेअर, डायलिसिस मशिन, व्हेंटिलेटर, मॉनिटर वगैरे. धंदा नीट चालू होता. तरी चांगले टेक्निशियन तयार झाले की सोडून जायचे आणि कारण विचारलं तर "तसं काही नाही मॅडम" एवढंच. दुसरं म्हणजे कुठलाही मोठा निर्णय आला की सेल्सवाले एकीकडे ओढणार, सर्व्हिसवाले दुसरीकडे, अकाउंट्स तिसरीकडे, आणि शेवटी मी म्हणेन ते फायनल. मी म्हणेन ते फायनल हे ऐकायला बरं वाटतं पण याचा अर्थ असा की मी नसले तर निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा हे कोणालाच माहीत नाही. त्यासाठी यांना बोलावलं.

पॅकेजचे तीन भाग आहेत. आधी मुख्य माणसाबरोबर एकट्याने सेशन्स, मग प्रत्यक्ष जिथे आपलं काम वापरलं जातं तिथे जाणं, मग लीडरशिप टीमचं वर्कशॉप. त्यानंतर काही महिने फॉलोअप.

पहिल्या भागाबद्दल भरभरून सांगावंसं वाटतं. फॅसिलिटेटर बाई अनुभवी होत्या, पहिल्याच सेशनला दोन कोरे कागद समोर ठेवले आणि म्हणाल्या, "एक तुमचा, एक संस्थेचा. शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे, मध्ये मध्ये तुम्हाला एकत्र करावेसे वाटतील, मी करू देणार नाही." आणि खरंच करू दिले नाहीत.

हे का महत्त्वाचं ते सांगते. माझ्या घरातल्या एका जवळच्या माणसाची शेवटची वर्षं डायलिसिसवर गेली, मी या क्षेत्रात आले ते त्यामुळेच. माझ्या डोक्यात पक्कं होतं की संस्थेचं पर्पज म्हणजे हीच गोष्ट, सगळ्यांना सांगायची, भिंतीवर लावायची. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुमचं कारण आहे आणि ते खूप खरं आहे. पण स्टोअर्समध्ये काल लागलेल्या मुलाने ते उधार का घ्यावं?" मला ते लागलं, पण पटलंही. तुमच्या दुःखावर दुसऱ्याने रोज सकाळी कामाला यावं ही अपेक्षाच चूक आहे, त्याला त्याचं कारण सापडायला हवं आणि संस्थेचं कारण दोघांनाही पुरेल इतकं मोकळं असायला हवं.

यावर त्यांनी फ्रान्सच्या डॅनोन कंपनीचं उदाहरण दिलं, ते मला फार आवडलं. २०१९ मध्ये फ्रान्समध्ये कायदा आला की कंपनीला आपलं सामाजिक ध्येय थेट स्वतःच्या नियमावलीत लिहून घेता येईल, आणि २०२० मध्ये डॅनोनच्या शेअरहोल्डर्सनी ९९ टक्क्यांहून जास्त मतांनी ते मंजूर केलं. तेव्हाचे प्रमुख इमॅन्युएल फाबेर हे त्या विचाराचा चेहरा होते. जेमतेम वर्ष होत नाही तोच, मार्च २०२१ मध्ये, धंद्याच्या कामगिरीवर नाराज गुंतवणूकदारांचा दबाव आला आणि फाबेर यांना पद सोडावं लागलं. पण नियमावलीतलं ध्येय राहिलं. माणूस गेला आणि कागद राहिला, म्हणजे दोन वेगळे होते म्हणून राहिला. लोक ही गोष्ट "बघा, पर्पजवाल्यांचं काय होतं" म्हणून सांगतात, मला मात्र यात उलटं दिसतं, की लीडरच्या अंगावरून पर्पज काढून संस्थेच्या रचनेत ठेवता येतं. पॅटागोनिया या अमेरिकेतल्या कपड्यांच्या कंपनीच्या मालकांनी २०२२ मध्ये अजून पुढची पायरी गाठली, मतदानाचा हक्क असलेले २ टक्के शेअर्स एका ट्रस्टला आणि उरलेले ९८ टक्के पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले, म्हणजे पुढे कोणीही आलं तरी दिशा बदलणं सोपं नाही. आमच्यासारख्या लहान संस्थेला एवढं सगळं करायची गरज नाही पण विचार तोच.

माझा स्वतःचा कागद भरायची पद्धत साधी होती. मागच्या काही महिन्यांचं कॅलेंडर काढायला लावलं आणि प्रत्येक एंट्रीपुढे खूण करायची, इथून बाहेर पडताना अंगात जीव होता की गेला होता. विचार करून नाही, पटपट. मग कोणी सांगितलेलं नसताना तुम्ही काय काय केलंत त्याची यादी. माझ्या खुणा बघितल्या तर नवीन मुलांना शिकवायला बसले त्या प्रत्येक दिवसापुढे चांगली खूण, मोठ्या क्लायंटच्या मीटिंगपुढे जवळजवळ कुठेच नाही. मी स्वतःला कायम क्लायंट सांभाळणारी समजत आले होते. आता ती कामं वाटून दिलीत आणि आठवड्यातला ठरलेला वेळ आमच्या रिपेअरच्या जागेत मुलांबरोबर असते. एवढ्या एका बदलासाठी सुद्धा पहिला भाग घ्यावा असं माझं मत आहे, विशेषतः जे वर्षानुवर्षं संस्था चालवून थकलेत त्यांनी.

आता दुसरा भाग, माझ्या मते या पूर्ण सर्व्हिसचा जीव इथेच आहे. वर्कशॉपच्या आधी लीडरशिप टीमने, त्यात अकाउंट्सचे सर पण आले, एका डायलिसिस युनिटमध्ये अख्खी शिफ्ट बसायचं. मशिन दुरुस्त करायला जायचं नाही, फक्त बघायचं आणि सिस्टरना मोकळा वेळ असेल तेव्हा बोलायचं. हॉस्पिटलची आणि पेशंटची परवानगी, काय विचारायचं आणि काय नाही, याची तयारी त्यांनी व्यवस्थित करून घेतली होती, त्याबद्दल पूर्ण मार्क.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डायलिसिस म्हणजे किडनीचं रक्त शुद्ध करायचं काम मशिनने करणं, आणि त्याचा पेशंट साधारण आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चारेक तास मशिनला जोडलेला असतो. त्या वेळात मशिनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव फिरतो, म्हणजे एका पेशंटच्या एका सेशनला १२० लिटरच्या आसपास अतिशय शुद्ध पाणी लागतं. ते पाणी मागच्या खोलीतल्या आरओ प्लांटमधून येतं. एक मशिन बंद पडलं तर एक पेशंट अडतो, आरओ बंद पडला तर अख्खं युनिट थांबतं, आणि पाण्यात क्लोरीन राहून गेलं तर रक्तपेशी फुटू शकतात इतकं ते गंभीर आहे.

आमच्या कॉल सिस्टीममध्ये काय होतं माहितीये? मशिनचा कॉल आला की "अर्जंट", आरओचा आला की "युटिलिटी", म्हणजे उद्या परवा केला तरी चालेल असा. सगळ्याच टेक्निशियनना आरओ महत्त्वाचा आहे हे तांत्रिकदृष्ट्या माहीत होतं हो, पण कॅटेगरी कोणीतरी कधीतरी ठरवली होती आणि तीच चालू होती. त्या दिवशी एका सिस्टरनी अगदी सहज सांगितलं की पाण्याचा प्रेशर कमी झाला की त्या पेशंटना फोन करून उशिरा यायला सांगतात, आणि काही जण इतक्या लांबून येतात की फोन लागेपर्यंत ते निघालेले असतात. आमचे सगळ्यात सिनियर टेक्निशियन तिथेच उठून बाहेर गेले आणि ऑफिसला फोन करून कॅटेगरी बदलून घेतली. कोणी सांगितलं नव्हतं, माझी परवानगीही विचारली नाही. मला त्या क्षणी कळलं की आम्हाला जे वाक्य शोधायचंय ते इथे या खोलीतच आहे.

याच्यामागे चांगला अभ्यास आहे हे नंतर वाचलं. ॲडम ग्रँट या संशोधकाने २००७ मध्ये एका युनिव्हर्सिटीसाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या लोकांवर प्रयोग केला होता. त्यातल्या काहींना अशा एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेटवलं ज्याला त्या देणग्यांतून स्कॉलरशिप मिळाली होती. महिन्याभराने बघितलं तर त्या लोकांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता आणि गोळा केलेली रक्कमही. पगार तोच, स्क्रिप्ट तीच. आपल्या कामाचं पुढे काय होतं हे डोळ्याने दिसणं एवढाच फरक. आम्ही वर्षानुवर्षं टेक्निशियनला मशिन दाखवत होतो, मशिनला जोडलेला माणूस तर सर्व्हिस व्हिजिटच्या वेळी खोलीत नसायचाच.

तिसरा भाग, लीडरशिप टीमचं वर्कशॉप. इथे मिश्र अनुभव.

सुरुवातच त्यांनी नासातल्या सफाई कामगाराच्या गोष्टीने केली, तीच, राष्ट्राध्यक्षांनी विचारलं काय करतोस आणि तो म्हणाला माणसाला चंद्रावर पाठवायला मदत करतोय. गोष्ट गोड आहे पण ती खरंच घडली याचा पक्का पुरावा नाही, आणि एवढी फी घेणाऱ्यांनी ती खरी म्हणून सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा एमी व्रेझ्नेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांचं हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांवरचं काम सांगायचं, ते आमच्या क्षेत्राच्या किती जवळचं आहे. एकाच हॉस्पिटलमध्ये तेच काम करणारे काही जण फक्त फरशी पुसतात आणि काही जण आपण पेशंटला बरं व्हायला मदत करतोय असं समजून काम स्वतःच वाढवून घेतात, नर्सला अडचण होणार नाही अशी वेळ बघतात, पेशंटशी बोलतात, असं त्यांना दिसलं. २००१ साली त्यांनी यावर लिहिलंय. खरी गोष्ट हाताशी असताना ऐकीव गोष्ट कशाला.

मग वाक्य शोधणं. यात अर्धा वेळ गेला आणि माझ्या मते जास्तच गेला. भिंतभर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, त्यावर उत्कृष्टता, विश्वास, नावीन्य, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या भिंतीवर खपतील असे शब्द. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीच्या मूल्यांच्या यादीतही आदर आणि सचोटी होती, आणि २००१ मध्ये ती हिशोबातल्या घोटाळ्याने बुडाली हे जगाला माहितीये. शेवटी आमच्याच एका मुलीने, कॉल सेंटर बघते ती, म्हटलं, "मशिनमुळे कोणाची ट्रीटमेंट थांबू नये, एवढंच आहे ना आपलं?" खोली शांत. झालं, तेच ठेवलं. एक शब्द बदलला नाही. फॅसिलिटेटर बाईंना ते थोडं अजून मोठं, थोडं अजून प्रेरणादायी करायचं होतं, आम्ही नाही म्हटलं आणि त्यांनी ऐकलं, हे त्यांच्या बाजूने.

याच्यापुढचं सेशन मात्र जबरदस्त. त्यांनी आमचेच अडकलेले निर्णय टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, आता हे वाक्य वापरून ठरवा, आणि वाक्यामुळे काय सोडावं लागेल ते आधी लिहा. तेव्हा कळतं की वाक्यात दम आहे का. आमच्याकडे बरेच क्लायंट पर व्हिजिट पैसे देणारे होते, म्हणजे मशिन जितक्या वेळा बंद पडेल तितकं आमचं बिल. आणि टेक्निशियनला बदललेल्या पार्टवर इन्सेंटिव्ह. आता "ट्रीटमेंट थांबू नये" म्हणणारी संस्था मशिन बंद पडण्यावर कमवत असेल तर त्या वाक्याला काय अर्थ आहे? अकाउंट्सचे सर लगेच म्हणाले, हे सगळं ठीक आहे पण उत्पन्न कमी होईल, कंपनीचं काम आधी नफा कमावणं आहे. त्यांचा मुद्दा हलका नाही, अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये तेच मांडलं होतं आणि कितीतरी वर्षं अख्ख्या बिझनेस जगाने ते मानलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी कंपनी फक्त शेअरहोल्डर्ससाठी नसते अशा निवेदनावर सह्या केल्या खऱ्या, पण सही करणं आणि उत्पन्न सोडणं यात फार अंतर आहे. उत्पन्न सोडल्याचं ठोस उदाहरण म्हणजे सीव्हीएस, अमेरिकेतली मोठी औषध दुकानांची साखळी, आम्ही आरोग्यासाठी आहोत म्हणून २०१४ मध्ये सगळ्या दुकानांतून सिगारेट विकणं बंद केलं, वर्षाला साधारण २०० कोटी डॉलरच्या विक्रीवर पाणी सोडून. आमच्या सरांना निवेदनापेक्षा हे जास्त पटलं, आकडा होता ना त्यात.

खूप वाद झाला. आवाज चढले. फॅसिलिटेटर बाईंनी तो वाद थांबवला नाही, चहापाण्याचा ब्रेक पण पुढे ढकलला, आणि यासाठी मी त्यांना सगळ्यात जास्त मानते कारण आतापर्यंत पाहिलेले बरेचसे ट्रेनर वाद सुरू झाला की खेळ घेतात. शेवटी ठरलं ते असं, पार्टवरचा इन्सेंटिव्ह बंद, त्याजागी मशिन किती दिवस विनाअडथळा चाललं त्यावर, आणि पर व्हिजिटवाले क्लायंट हळूहळू वार्षिक कॉन्ट्रॅक्टवर आणायचे. काही क्लायंट आले, काही सोडून गेले. सोडून गेले त्याचं मला वाईट वाटतं, पण पहिल्यांदा असं झालं की निर्णय मी दिला नव्हता, वाक्याने दिला होता, आणि सर स्वतः तो क्लायंटना समजावून सांगत होते.

अजून एक प्रश्न त्यांनी टाकला तो आजही डोक्यात आहे. तुमचं पर्पज पूर्ण झालं तर? आम्ही हसलो, मशिनं काय बिघडायची थांबणारेत का. मग त्यांनी मार्च ऑफ डाइम्सचं सांगितलं. १९३८ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओशी लढायला सुरू केलेली संस्था, लोकांच्या छोट्या छोट्या देणग्यांवर उभी राहिली, त्यातूनच साल्क यांच्या लसीच्या कामाला पैसा मिळाला आणि १९५५ मध्ये लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. म्हणजे ज्यासाठी संस्था होती ते काम झालं! बंद करायची की पुढे जायचं? त्यांनी १९५८ मध्ये नवजात बाळांमधले जन्मजात दोष हा विषय घेतला आणि संस्था अजून आहे. यावर आमच्यात छान चर्चा झाली, की मशिन्स जसजशी स्वतःचा बिघाड स्वतः कळवायला लागतील तसं आमचं आजचं काम कमी होत जाणार, तेव्हा "मशिनमुळे ट्रीटमेंट थांबू नये" हे वाक्य टिकेल पण काम बदलावं लागेल, कदाचित सिस्टरना ट्रेनिंग, कदाचित पाण्याची तपासणी. वाक्यात "रिपेअर" हा शब्द नाही याचं तेव्हा फार बरं वाटलं.

तक्रारी. फॉलोअप कमजोर आहे, तिथे अनुभवी बाई येत नाहीत, ज्युनियर मुलगा येतो आणि तेच ते फॉर्म भरून घेतो. पोस्टर, मग, टीशर्ट असं ब्रँडिंग पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, आम्ही घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका. अप्रेझल आणि भरतीमध्ये हे कसं आणायचं याचं सेशन शेवटच्या दिवशी घाईघाईत गुंडाळलं, खरं तर त्याला पूर्ण दिवस हवा होता, भरतीचे प्रश्न आम्हाला नंतर स्वतः बसून तयार करावे लागले. आणि फील्डवरच्या टेक्निशियनना लीडरशिप टीमच्या नंतर, सगळं ठरल्यावर बोलावलं जातं. हे मला अजिबात आवडलं नाही. आमच्याकडे सिनियर टेक्निशियन आणि कॉल सेंटरची मुलगी आधीपासून होती ती मी हट्ट केला म्हणून, आणि नेमकं त्या दोघांमुळेच सगळं पुढे गेलं.

लोक सोडून जायचं थांबलं का असं विचाराल तर इतक्यात सांगता येणार नाही, एवढ्याशा काळात दिसणारी गोष्ट नाही ती. दिसतंय ते असं की नवीन मुलं कॉलवरून आली की मशिनबरोबर युनिटमध्ये काय चाललं होतं तेही सांगतात, आणि रात्री माझा फोन खूप कमी वाजतो.

कोणी घेऊ नये: पुढच्या महिन्याच्या पगाराची चिंता असेल तर आधी ते बघा, हे नंतर. मुख्य माणसाला फक्त वेबसाइटसाठी छान ओळ हवी असेल तर एखाद्या चांगल्या कॉपीरायटरकडे जा, खूप स्वस्तात होईल. आणि जो प्रमुख आपला कागद आणि संस्थेचा कागद वेगळा ठेवायला तयार नाही त्याने तर नकोच, टीमचा वेळ जाईल आणि लोक आतून अजून दुरावतील. बाकी ज्यांची संस्था ठीक चाललीये पण निर्णय एकाच माणसाशी येऊन अडतात त्यांनी नक्की विचार करावा.

माझ्याकडून ५ पैकी ४. पहिल्या दोन भागांना ५, वर्कशॉपला ४, फॉलोअपला २.

सही करायच्या आधी कोटेशनमध्ये एकच गोष्ट बघा, प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडे जाण्याचा भाग त्यात लिहिलाय का, किती तास, कोण कोण जाणार आणि तयारी कोण करून घेणार. बऱ्याच ठिकाणी तो "ऑप्शनल" असतो किंवा त्याऐवजी ऑनलाइन सर्व्हे असतो, तसं असेल तर मी तरी सही करणार नाही. आम्ही पुढच्या वर्षी त्यांच्याकडून फक्त तोच भाग परत घेतोय, यावेळी आयसीयूसाठी, आणि पहिल्या दिवशी लीडरशिप टीमच्या आधी स्टोअर्सची आणि कॉल सेंटरची मुलं जाणार आहेत, ते कोटेशनमध्येच लिहून घेतलंय.